स्क्रिमशॉ

स्क्रिमशॉ ही देवमाशाचे दात व हाडे, वॉलरसचे सुळे यांसारख्या कठीण प्राणिज पदार्थांच्या गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर सुईने किंवा टोकदार पात्याने बारीक रेषा कोरून, त्या रेषांत काजळी वा शाई भरून चित्र उमटवण्याची कला आहे. या पद्धतीने घडवलेल्या वस्तूंनाही स्क्रिमशॉ असेच म्हणतात, तर ही कला जोपासणाऱ्या कारागिराला स्क्रिमशँडर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश व अमेरिकन जहाजांवरून देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या खलाशांमध्ये ही कला रुजली. देवमाशांची व्यापारी शिकार थांबल्यानंतर तिचे मूळ माध्यम दुर्मीळ झाले आणि त्याच्या व्यापारावर कायदेशीर निर्बंध आले. सध्या ही कला शिकणारे प्रामुख्याने गुरांची हाडे, शिंगे, टाग्वा या माडवर्गीय झाडाच्या बिया आणि कृत्रिम पदार्थ वापरतात.

कागदावरील पेन्सिलीची रेष खोडता येते. हाडावर कोरलेली रेष सहजासहजी पुसता येत नाही. त्यामुळे स्क्रिमशॉमध्ये हातातील कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व सुई टेकण्यापूर्वी केलेल्या आराखड्याला असते.

## नाव व स्वरूप

‘स्क्रिमशॉ’ या शब्दाची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. एकोणिसाव्या शतकातील लेखनात स्क्रिमशँडर, स्क्रिमशॉन, स्क्रिमशाँट अशी त्याची अनेक रूपे आढळतात. हर्मन मेलव्हिल हा अमेरिकन कादंबरीकार १८४१ मध्ये देवमाशांच्या शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. त्याच्या ‘मोबी-डिक’ (१८५१) या कादंबरीत खलाशांनी दातांवर कोरलेल्या चित्रांचा आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक हत्यारांचा उल्लेख आहे.

व्यापक अर्थाने खलाशांनी देवमाशाच्या अवशेषांपासून फावल्या वेळात केलेल्या सर्वच वस्तूंना स्क्रिमशॉ म्हणतात. त्यांत चित्रे कोरलेल्या दातांबरोबरच काठ्या, डबे आणि स्वयंपाकघरातील साधने यांचाही समावेश होतो. मर्यादित अर्थाने मात्र हा शब्द रेषा कोरून त्यांत रंग भरण्याच्या तंत्रासाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखातील तंत्रविषयक विवेचन या दुसऱ्या अर्थाने केले आहे.

हे तंत्र हस्तिदंती शिल्पकामाहून वेगळे आहे. शिल्पकामात पदार्थ काढून टाकून उठाव किंवा पूर्णाकृती घडवली जाते. स्क्रिमशॉमध्ये पृष्ठभाग सपाटच राहतो आणि चित्र केवळ बारीक खाचांतून दिसते. धातूच्या पत्र्यावर खोदकाम करून छपाई करण्याच्या पद्धतीशी त्याचे जवळचे साम्य आहे. फरक इतकाच की छपाईत खाचेतील शाई कागदावर उतरते आणि चित्र उलटे उमटते. स्क्रिमशॉमध्ये शाई खाचेतच कायम राहते आणि चित्र जसे कोरले तसेच दिसते. सुईने टोचून रंग भरण्याच्या कृतीमुळे गोंदणाशीही त्याची तुलना करता येते.

## इतिहास

### उदय

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिव्यांचे तेल, मेणबत्त्या आणि यंत्रांचे वंगण यांसाठी स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाला मोठी मागणी होती. अटलांटिकमधील साठे कमी होत गेल्यावर शिकारी जहाजे पॅसिफिक महासागरात जाऊ लागली आणि एकेक सफर तीन-चार वर्षे चालू लागली. जहाजावर शिकारीसाठी आवश्यक तेवढे मनुष्यबळ कायम ठेवावे लागे. परंतु देवमासा दिसेपर्यंत आठवडेच्या आठवडे त्यांना फारसे काम नसे. हा रिकामा वेळ आणि तेलाच्या दृष्टीने निरुपयोगी असलेले दात व जबड्याची हाडे या दोहोंतून स्क्रिमशॉचा जन्म झाला.

तारीख सांगता येणाऱ्या सर्वांत जुन्या चित्रित दातांपैकी एकावर, लंडनच्या ‘ॲडम’ या जहाजाने १८१७ मध्ये गालापागोस बेटांजवळ पकडलेल्या देवमाशाचा तो दात असल्याचा मजकूर कोरलेला आहे. पुढील दोन दशकांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नँटकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरे या व्यवसायाची आणि त्याबरोबर या कलेचीही प्रमुख केंद्रे बनली.

### परिचित कारागीर

बहुतेक जुन्या स्क्रिमशॉवर करणाऱ्याचे नाव नसते. नँटकेटचा एडवर्ड बर्डेट (१८०५–१८३३) हा नावाने ओळखता येणारा पहिला अमेरिकन स्क्रिमशँडर मानला जातो. त्याच्या चित्रांत जहाजाचे गर्द काळे सांगाडे आणि ठसठशीत किनारी आढळतात. शिकारीच्या मोहिमेवर असतानाच त्याचा मृत्यू झाला.

नँटकेटचाच फ्रेडरिक मायरिक याने ‘सुझन’ या जहाजावर असताना १८२८–२९ मध्ये कोरलेले दात ‘सुझनचे दात’ म्हणून प्रसिद्ध आहेत. असे तीसहून अधिक दात आज ज्ञात आहेत. आपल्या कामावर सही आणि तारीख घालणारा तो पहिला स्क्रिमशँडर समजला जातो. त्याच्या दातांवरील मांडणीत बरेच साम्य आढळते. एका बाजूस शिकारीच्या जागी असलेले जहाज, दुसऱ्या बाजूस प्रवासातील जहाज आणि उरलेल्या जागेत गरुड, ध्वज, नांगर व मजकूर असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. एकच आराखडा वेगवेगळ्या आकारांच्या दातांवर बसवताना त्याने केलेले फेरफार अभ्यासकांना विशेष उद्बोधक वाटतात.

### इतर परंपरा

अलास्कातील मूळ रहिवाशांमध्ये वॉलरसच्या सुळ्यांवर कोरीवकाम करण्याची स्वतंत्र व अधिक प्राचीन परंपरा आहे. शिकारी जहाजांशी संपर्क आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कारागिरांनी बाहेरच्या ग्राहकांसाठी खेळांचे पट आणि चित्रित सुळे करण्यास सुरुवात केली. ‘हॅपी जॅक’ या नावाने परिचित असलेला आंगोकवाझुक हा त्यांतील सर्वांत ख्यातनाम कारागीर होय.

### ऱ्हास व पुनरुज्जीवन

१८४६ च्या सुमारास अमेरिकेच्या शिकारी ताफ्यात ७०० हून अधिक जहाजे होती. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि लवकरच स्वस्त रॉकेलने देवमाशाच्या तेलाची जागा घेतली. यादवी युद्धात झालेले जहाजांचे नुकसानही या धंद्याला भोवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कला जवळजवळ लोप पावली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना स्क्रिमशॉ जमवण्याची आवड होती. त्यांच्या संग्रहाला मिळालेल्या प्रसिद्धीमुळे या वस्तूंना मागणी वाढली आणि त्याबरोबरच नकली वस्तूंचाही सुळसुळाट झाला.

## विषय व वस्तू

जहाजे, शिकारीचे प्रसंग, बंदरे, ध्वज, गरुड आणि स्त्रियांच्या आकृती हे पारंपरिक स्क्रिमशॉचे नेहमीचे विषय आहेत. जहाजाची शिडे व दोरखंड हे खलाशाच्या रोजच्या हाताळणीतील असल्यामुळे चित्रात त्यांचा तपशील बहुधा अचूक असतो. स्त्रियांच्या आकृत्या मात्र अनेकदा त्या काळच्या सचित्र मासिकांतून, विशेषतः फिलाडेल्फियाहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘गोडीज लेडीज बुक’सारख्या नियतकालिकांतील वेशभूषाचित्रांतून, उतरवलेल्या असत.

घरी परतल्यावर आप्तांना भेट देण्यासाठी उपयोगाच्या वस्तूही केल्या जात. कॉर्सेट या घट्ट अंतर्वस्त्रात पुढील बाजूस सरकवायची चित्रित पट्टी ही पत्नीला वा वाग्दत्त वधूला द्यावयाची खास भेट होती. करंजीच्या कातणासारखे दातेरी चाक असलेली साधने पीठाच्या कडा कापण्यासाठी वापरत. याशिवाय सूत गुंडाळण्याचे उघडमिटीचे सांगाडे, काठ्यांच्या मुठी, शिवणकामाची साधने आणि अंडाकृती डबे यांचे असंख्य नमुने उपलब्ध आहेत.

## माध्यमे

स्पर्म व्हेलचा दात – या देवमाशाच्या खालच्या जबड्यात साधारणतः २० ते २६ दातांच्या जोड्या असतात. दात शंकूच्या आकाराचा, किंचित वाकलेला आणि मुळाशी पोकळ असतो. मोठा दात २० सेंमी पर्यंत लांब आणि सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा असू शकतो. ताज्या दाताचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने तो चाकू व कानस यांनी तासून घ्यावा लागे.

जबड्याचे हाड – स्पर्म व्हेलच्या खालच्या जबड्याच्या मागील रुंद भागापासून मोठे सपाट फलक मिळत. मोठ्या दृश्यांसाठी त्यांचा उपयोग होई.

बलीन – दात नसलेल्या देवमाशांच्या वरच्या जबड्यात शिंगासारख्या पदार्थाचे लवचीक पट्टे असतात. त्यांना बलीन म्हणतात. ते गडद रंगाचे असल्याने त्यांवरील कोरीव रेषा फिकट दिसतात.

वॉलरसचा सुळा – बाहेरील थर एकसंध व पांढरा असून आतील गाभा कणीदार, संगमरवरासारखा दिसतो. गाभ्यात रेष नीट उमटत नसल्याने बाहेरील थर जपावा लागतो.

गुरांचे हाड – आजच्या शिकाऊ कारागिरांचे हे प्रमुख माध्यम आहे. पायाच्या लांब हाडाचा मधला भाग जाड आणि त्यातल्या त्यात सपाट असल्याने सोयीचा पडतो. हाडात लांबीच्या दिशेने बारीक वाहिन्या असतात. तिरकी रेष ओढताना सुई या वाहिन्यांच्या दिशेने घसरण्याचा संभव असतो आणि शाई त्यांत शिरून पृष्ठभाग करडा पडू शकतो.

टाग्वा – दक्षिण अमेरिकेतील माडवर्गीय झाडाची ही बी वाळल्यावर हस्तिदंतासारखी टणक व पांढरी होते. म्हणून तिला वनस्पतिज हस्तिदंत म्हणतात. तिचा आकार लहान असल्याने पदके व गुंड्या यांसाठी ती योग्य ठरते.

## आराखड्याचे नियोजन

### वस्तूचे निरीक्षण

चित्र निवडण्याआधी वस्तूची पाहणी केली जाते. तडे, छिद्रे, रंगातील फरक आणि पोकळीची जागा यांची नोंद घेऊन चित्राचे मुख्य भाग निर्दोष जागी येतील असे पाहतात. वस्तू कशी मांडली जाणार हेही आधीच ठरवावे लागते. दात टोक वर करून उभा ठेवायचा की आडवा, यावर चित्राची दिशा अवलंबून असते. गळ्यात घालावयाच्या पदकाला भोक पाडायचे असल्यास ते कोरण्यापूर्वीच पाडणे श्रेयस्कर, कारण भोक पाडताना हाड तडकल्यास सर्व श्रम वाया जातात.

### प्रत्यक्ष आकारात रेखाटन

आराखडा वस्तूच्या मूळ मापातच काढणे आवश्यक असते. मोठ्या कागदावरील चित्रात १ मिमी अंतरावर असलेल्या दोन रेषा चित्र निम्म्याने लहान केल्यावर अर्ध्या मिलिमीटरवर येतात. इतक्या जवळच्या खाचांमधील हाडाचा पातळ कंगोरा ढासळून दोन्ही रेषा एक होण्याची शक्यता असते. म्हणून चित्र लहान करताना रेषा जवळ आणण्याऐवजी त्यांची संख्या कमी केली जाते. कोणता तपशील वगळायचा हा निर्णय कागदावरच घ्यावयाचा असतो.

### छायेचे रेषांत रूपांतर

स्क्रिमशॉमध्ये करडा रंग नसतो. काळी रेष आणि पांढरे हाड एवढेच उपलब्ध असते. छायेचा आभास पुढील तीन प्रकारांनी निर्माण केला जातो :

* समांतर रेषा : रेषांमधील अंतर जितके कमी, तितकी छाया गडद.
* छेदरेषा : समांतर रेषांच्या एका संचावरून दुसऱ्या दिशेने दुसरा संच ओढणे.
* ठिपकेकाम : सुई उभी धरून टोचलेल्या ठिपक्यांची दाटी कमीअधिक करणे. चेहरा, ढग आणि प्राण्यांची त्वचा यांसाठी हा प्रकार उपयुक्त आहे.

आराखड्यात प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे ठरवून चित्राचे गडद, मध्यम आणि उजळ असे तीन भाग पाडतात. उजळ भागात काहीही कोरले जात नाही. नवशिक्याच्या कामात रिकामी जागा भरून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. कोरी सोडलेली जागा ही या कलेतील पांढरा रंगच असल्याने ती आराखड्यात राखून ठेवावी लागते.

### वक्र पृष्ठभाग

दातासारख्या गोलाकार वस्तूवर समोरून पाहताना परिघाचा साधारण एक तृतीयांश भागच विशेष विकृतीविना दिसतो. मुख्य आकृती या भागात बसवून समुद्र, ढग किंवा किनार यांसारखे दुय्यम घटक बाजूंकडे नेले जातात. त्यासाठी वस्तूभोवती पातळ कागद गुंडाळून, मध्यरेषा व कडा त्यावर खुणावून चित्राची चौकट तयार करतात. निमुळत्या पृष्ठभागावर कागदाला सुरकुत्या पडत असल्याने त्याच्या कडांना चिरा पाडतात किंवा कागदाच्या अरुंद पट्ट्या वापरतात.

### एक उदाहरण

६ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद अशा हाडाच्या आडव्या पट्टीवर शिडाचे जहाज कोरावयाचे असल्यास आराखडा पुढीलप्रमाणे करता येतो. सर्व बाजूंनी ३ मिमी समास सोडला जातो, कारण कडेजवळ सुई निसटल्यास टवका उडतो. समुद्राची रेषा खालून एक तृतीयांश उंचीवर घेतल्याने शिडांना पुरेशी जागा मिळते. जहाजाचा सांगाडा सर्वांत गडद ठेवून त्यासाठी दाट छेदरेषा योजतात. उजेडाकडील शिडे कोरी ठेवून त्यांच्या फक्त सावलीच्या कडांना काही समांतर रेषा दिल्या जातात. दोरखंडांपैकी डोलकाठ्यांना आधार देणारे मुख्य दोरच घेतात. पाण्यासाठी सलग रेषांऐवजी जहाजाजवळ दाट आणि दूर विरळ होत जाणाऱ्या तुटक रेषा पुरतात. आकाश पूर्णपणे कोरे राहते.

### चित्र उतरवणे

खलाशांमध्ये मासिकातील चित्र दातावर चिकटवून त्याच्या बाह्यरेषांवर सुईने टोचण्याची पद्धत होती. कागद काढल्यावर राहिलेले ठिपके जोडून चित्र पूर्ण केले जाई. अनेक जुन्या दातांवर भिंगातून पाहिल्यास हे ठिपके आजही दिसतात. सध्या याच पद्धतीबरोबर कार्बन पेपरचा वापर किंवा टोकदार पेन्सिलीने थेट रेखाटनही केले जाते. बारीक छाया न उतरवता केवळ बाह्यरेषा आणि मुख्य विभाग उतरवले जातात.

## कोरण्याचे तंत्र

### पृष्ठभागाची तयारी

कच्चे हाड साबणाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवून त्यातील मांस, मज्जा व चरबी काढली जाते. जोरात उकळल्यास हाड ठिसूळ होते. कपडे पांढरे करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रावणानेही त्याची झीज होते. पांढरेपणासाठी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. पूर्ण वाळल्यावर हाड कापून कानशीने सपाट करतात आणि नंतर क्रमाक्रमाने अधिक बारीक पॉलिश पेपरने घासतात. आधीच्या पेपरचे सर्व ओरखडे नाहीसे झाल्यावरच पुढचा पेपर घेतला जातो, कारण उरलेला प्रत्येक ओरखडा पुढे शाई धरून चित्रात दिसू लागतो. खलाशी याच कामासाठी शार्क माशाची खरखरीत कातडी, प्युमिस हा सच्छिद्र ज्वालामुखीय दगड आणि राख वापरत असत.

हाड सच्छिद्र असल्याने झिलई दिल्यानंतर त्यावर मेणाचा पातळ थर चोळतात. त्यामुळे शाई पृष्ठभागात न मुरता कोरलेल्या खाचांतच राहते.

### कोरणे

खलाशांची हत्यारे म्हणजे खिशातील चाकू आणि शिडे शिवण्याचा दाभण. आजचे कारागीर मुठीत बसवलेली कठीण पोलादाची सुई किंवा बारीक धारदार पाते वापरतात. सुईला दगडावर वारंवार धार लावावी लागते. बोथट सुई हाड कापण्याऐवजी घसरते.

सुई पेन्सिलीप्रमाणे धरून हलक्या हाताने आपल्याकडे ओढली जाते. एकाच जोरदार ओढीऐवजी त्याच रेषेवरून दोन-तीन हलक्या ओढी घेतल्याने रेष सरळ व स्वच्छ येते. वक्र रेष काढताना हाताऐवजी वस्तू फिरवली जाते. पांढऱ्या हाडावरील ताजी खाच डोळ्यांना जवळजवळ दिसत नसल्याने दिवा एका बाजूला खाली ठेवून तिरका प्रकाश घेतात आणि भिंगाचा वापर करतात.

### रंग भरणे

जहाजाच्या डेकवर विटांच्या भट्टीत चरबी वितळवली जाई. तेथील काजळी तेलात मिसळून खलाशी ती खाचांत चोळत. हिरवा, तांबडा अशा रंगांचा मर्यादित वापरही जुन्या कामात आढळतो. आज जलरोधक काळी शाई किंवा तैलरंग वापरला जातो. रंग लावून काही वेळाने पृष्ठभाग मऊ कापडाने पुसला असता रंग केवळ खाचांत उरतो.

संपूर्ण चित्र कोरून झाल्यावर एकदमच रंग भरण्याऐवजी प्रथम बाह्यरेषा कोरून त्यांत रंग भरतात. नंतर छायेचा एकेक भाग कोरून व रंगवून पुढे जातात. त्यामुळे चूक वेळीच लक्षात येते. अनेक रंग वापरावयाचे असल्यास काळे काम पूर्ण होऊन वाळल्यावर त्यावर मेणाचा हात दिला जातो आणि मगच रंगीत भागाच्या खाचा कोरल्या जातात. अन्यथा रंग एकमेकांत मिसळतात.

### दुरुस्ती

उथळ रेष बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येते. परंतु त्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होतो आणि झिलई व मेण पुन्हा द्यावे लागते. खोल रेष काढता येत नाही. अशा वेळी ती छायेत सामावून घेणे, लाटेची किंवा दोराची रेष बनवणे असे उपाय करतात. या कारणाने बाह्यरेषा प्रथम शक्य तितकी हलकी कोरण्याचा आणि ती योग्य ठरल्यावरच खोल करण्याचा प्रघात आहे.

## शिकण्याचा क्रम

स्क्रिमशॉचे शिक्षण साधारणतः सोप्या माध्यमाकडून कठीण माध्यमाकडे आणि रेषेकडून छायेकडे जाते.

1. प्रथम पांढऱ्या प्लॅस्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर समान अंतराच्या सरळ रेषा, वर्तुळे आणि ठिपक्यांच्या पट्ट्या यांचा सराव केला जातो. प्लॅस्टिकला वाहिन्या नसल्याने सुईवरील दाबाकडे लक्ष देता येते.
2. त्यानंतर विरळ ते गडद अशी छायेची पाच-सहा घरांची पट्टी तयार करतात. आपल्या हाताने कोणती दाटी साधते याचा तो नमुना असतो आणि पुढील प्रत्येक आराखड्यात संदर्भ म्हणून वापरता येतो.
3. तिसऱ्या टप्प्यात हाडाच्या सपाट तुकड्यावर पान, पीस, मासा असे एकाकृती विषय घेतले जातात. हाडाच्या लांबीच्या दिशेने, आडव्या दिशेने आणि तिरके कोरण्यातील फरक येथे हाताला समजतो.
4. अनेक घटकांची रचना, अक्षरे आणि वक्र पृष्ठभाग हे विषय शेवटी येतात. अक्षरांतील लहानसा दोषही चटकन डोळ्यांत भरत असल्याने त्यांचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो.

संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांचे निरीक्षण हाही शिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे. एखादे चित्र किती रेषांत उभे केले आहे आणि कारागिराने काय सोडून दिले आहे हे मोजून पाहिल्यास आराखड्याची समज वाढते.

### सुरक्षितता

हाड, दात व शिंग घासताना उडणारी बारीक धूळ श्वसनमार्गाला अपायकारक असते. यासाठी योग्य मुखपट्टी, हवेशीर जागा आणि पाण्याचा वापर करून घासण्याची पद्धत यांचा अवलंब केला जातो. सुई निसटण्याचा धोका लक्षात घेऊन वस्तू धरणारा हात सुईच्या मार्गात ठेवत नाहीत. डोळ्यांवरील ताण टाळण्यासाठी कामात वरचेवर खंड घेणे आवश्यक असते.

## कायदेशीर बाबी

पारंपरिक स्क्रिमशॉचे माध्यम देवमाशांच्या हत्येतून उपलब्ध होत असे. अनिर्बंध शिकारीमुळे देवमाशांच्या अनेक जाती संकटात आल्यावर आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार स्थगित करण्याचा निर्णय घेतला आणि तो १९८६ पासून अमलात आला. संकटग्रस्त वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ करारात स्पर्म व्हेलचा समावेश पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारी देवघेवीस मनाई असलेल्या गटात, करण्यात आला आहे.

अमेरिकेत सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा (१९७२) आणि संकटग्रस्त प्रजाती कायदा (१९७३) यांनुसार अशा वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध आहेत. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना काही अटींवर सूट मिळते. अलास्कातील मूळ रहिवाशांना वॉलरसच्या सुळ्यांपासून पारंपरिक हस्तकला करण्याची मुभा आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. त्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंताचा अंतर्गत व्यापारही बंद झाला. स्पर्म व्हेल हाही या कायद्याने संरक्षित प्राणी आहे. त्याच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरग्रिसची, म्हणजे वृत्तपत्रांतून ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून उल्लेखल्या जाणाऱ्या पदार्थाची, बेकायदा विक्री केल्याप्रकरणी महाराष्ट्रात वेळोवेळी कारवाई झाली आहे. किनाऱ्यावर मृत देवमासा आढळल्यास त्याचे दात वा हाडे उचलून नेता येत नाहीत. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांसाठी कायदेशीररीत्या मिळालेले म्हशीचे हाड व शिंग, टाग्वा किंवा कृत्रिम पदार्थ हीच योग्य माध्यमे ठरतात. तंत्राच्या दृष्टीने त्यांत काही उणे नाही. आराखडा, रेष आणि छाया यांचे नियम सर्व माध्यमांना सारखेच लागू पडतात.

## अस्सल व नकली वस्तूंची ओळख

विसाव्या शतकात पॉलिमरच्या साच्यातून काढलेल्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. काही संग्रहालयांच्या दुकानांतूनही त्या प्रतिकृती म्हणून विकल्या जात. पुढे त्यांपैकी अनेक अस्सल म्हणून बाजारात आल्या. ओळखण्यासाठी पुढील बाबी पाहिल्या जातात :

* अतिनील प्रकाशात नैसर्गिक दात व हाड निळसर पांढरे चमकते. अनेक प्लॅस्टिक पदार्थ निस्तेज दिसतात.
* स्पर्म व्हेलच्या दाताच्या आडव्या छेदात एकात एक वलये दिसतात. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तिला श्रेगर रेषा म्हणतात.
* गुरांच्या हाडावर भिंगातून वाहिन्यांची बारीक काळसर छिद्रे किंवा रेघा दिसतात.
* तंतोतंत सारख्या अनेक वस्तू आढळल्यास त्या साच्यातून काढल्याचा संशय बळावतो.

तापवलेली सुई टोचून पाहण्याची लोकप्रिय चाचणी वस्तूला इजा करते, म्हणून ती टाळली जाते. दात अस्सल असला तरी त्यावरील चित्र जुने असेलच असे नाही. त्यासाठी जहाजाची बांधणी, वेशभूषा, अक्षरांचे वळण आणि हत्यारांच्या खुणा यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

## संग्रह व जतन

मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड व्हेलिंग म्युझियममध्ये स्क्रिमशॉचा जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक संग्रह आहे. शेरॉन येथील केंडल व्हेलिंग म्युझियम २००१ मध्ये त्यात विलीन झाल्याने या संग्रहात मोठी भर पडली. या संग्रहाची स्टुअर्ट एम. फ्रँक यांनी केलेली सूची २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नँटकेटचे व्हेलिंग म्युझियम आणि कनेक्टिकटमधील मिस्टिक सीपोर्ट म्युझियम येथेही महत्त्वाचे संग्रह आहेत. १८४१ मध्ये बांधलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे देवमाशांच्या शिकारीचे लाकडी जहाज मिस्टिक येथे जतन करण्यात आले आहे.

दात व हाड हवेतील आर्द्रतेनुसार आकुंचन-प्रसरण पावतात. आर्द्रतेत अचानक बदल झाल्यास त्यांना तडे जातात. थेट सूर्यप्रकाशाने खाचांतील रंग फिके पडण्याची शक्यता असते. त्यामुळे अशा वस्तू उष्णतेपासून दूर, स्थिर हवामानात आणि मंद प्रकाशात ठेवल्या जातात. त्या पाण्याने धुतल्यास खाचांतील रंग निघून जाऊ शकतो. म्हणून त्यांवरील धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकली जाते.